सागरेश्वर, आश्विनातला रविवार

मगदुमांची ओम्नी एका दिवसापुरती मागून आणलेली.
पेट्रोल आपलं, आणि परत देताना धुऊन द्यायची.
पुढे हे आणि अण्णा,
मागे मी, दोन पोरं,
आणि मांडीवर चारमजली डबा,
पलूस येईपर्यंत चटके देणारा.

रस्त्याच्या एका अंगाला सोयाबीन पसरलेलं.
"त्याच्यावरनंच ने, बिचाऱ्याची मळणी होईल."
सांगली सोडल्यापासून अण्णांचं हे पहिलं वाक्य.
द्राक्षबागांत छाटणी उरकलेली,
वेली तारांवर हात पसरून उघड्याबोडक्या उभ्या.
श्रेयांस म्हणाला, अख्ख्या वर्गाला शिक्षा झालीय.

चंदनाला हरणं बघायची होती.
वहीत रकाने आधीच आखलेले:
सांबर, चितळ, मोर, इतर.
अण्णांना काय बघायचं होतं
ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
फाटकाशी उतरले, धोतराचा सोगा सावरला, म्हणाले,
"इथं काही नव्हतं."
नव्हतं म्हणजे?
"नव्हतं म्हणजे नव्हतं. बोडका डोंगर.
शेरडू वर गेलं तर उपाशी खाली यायचं."

मग हळूहळू निघालं:
लग्नाआधीचे दोन उन्हाळे
ते इथे रोजंदारीवर खड्डे खणत होते.
दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल,
आणि मुरूम असा, की पहार उलटी अंगावर यायची.
ह्यांनाही हे ठाऊक नव्हतं.
बोटाभोवती फिरणारी गाडीची किल्ली
थांबली.

चढावर सोनकी,
कुरडूचे तुरे गुडघ्याला घासणारे,
ऊन असं की सावलीलाही घाम यावा.
अण्णा एकेका झाडाशी थांबत,
साल चाचपत, मान हलवत, पुढे सरकत,
पत्ता हरवलेल्या पाहुण्यानं
गल्लीतली एकेक कडी वाजवत जावं तसे.

शेवटी एका शिरिषाखाली टेकले.
"हे माझं."
कशावरून? चंदनाची पेन्सिल तयार.
"हाताला कळतंय."
गुडघ्यांनी दोन झाडं आधीच नकार दिला होता,
इथे बसण्याजोगा दगड होता,
हे फक्त मी पाहिलं.
चंदनानं 'इतर'मध्ये लिहिलं: अण्णांचं झाड, १.

अण्णांचं जेवण दिवस मावळायच्या आत,
म्हणून सव्वापाचलाच डबे उघडले.
दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
आणि कांदा-लसूण नसलेलं भडंग,
जे ह्यांच्या मते भडंगच नव्हे,
तरी अर्धं त्यांनीच संपवलं.
खाली ऊस, उसापलीकडे कृष्णा,
अंग चोरून, शहाण्यासारखी वाहणारी,
कधी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरलीच नाही अशी.
हात धुऊन झाले.
उरलेलं गाळीव पाणी अण्णांनी बुंध्याशी ओतलं.
पाऊस सरून पंधरवडाही झाला नव्हता,
माती ओलीच होती.
आम्ही डब्यांची झाकणं शोधत राहिलो.

हरीण एकही नाही.
लांडोरसुद्धा नाही.
उतारावर, दिवे लावल्या लावल्या, श्रेयांस ओरडला,
"शिंगं! मी बघितली! तिथं!"
तिथे करवंदीची जाळी होती.
चंदनानं वही मिटलेलीच ठेवली.
"खोटं लिहिणार नाही मी."
पुढच्या सीटवरून, मागे न वळता,
अण्णा म्हणाले,
"लिही गं. सांबर, एक."
तिनं थोडा वेळ विचार केला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि अंधारात, धक्के खात, लिहिलं.

सोमवारी उजाडता हे गाडी धुवायला बसले.
पुढच्या सीटखाली मुरूम सापडला, मूठभर.
चपलेला माती लागून येते,
मुठीएवढी येत नाही.
ह्यांनी तो ओंजळीत घेतला,
नळाच्या कट्ट्यावर कोरड्या जागी ठेवला,
आणि पाण्याचा पाइप
दुसऱ्या बाजूनं ओढून आणला.